सूचिपर्णी झाडांच्या कळ्या कधी फुटणार, याचा आपल्या भागापुरता अंदाज कसा बांधायचा

नेटवर शोधलं की एक आकडा लगेच सापडतो. बेस ५ अंश धरा (म्हणजे त्याच्या खालचं तापमान मोजायचंच नाही), अमुक इतके डिग्री-डे (बेसच्या वरच्या रोजच्या उबेची बेरीज) भरले की स्प्रूस फुटतो, तमुक इतके भरले की फर. हा आकडा खोटा नसतो, पण तो ज्या भागात काढला तिथल्या बियाण्याचा, तिथल्या हिवाळ्याचा आणि तिथे तापमान मोजायची जी पद्धत वापरली तिचा असतो, आणि आपण तो तसाच उचलून दुसरीकडे लावला की अंदाज सरळ दोन-तीन आठवडे चुकू शकतो. नर्सरीवाल्याला कोल्ड स्टोरेजमधून रोपं कधी काढायची ते ठरवायचं असतं, लागवड करणाऱ्याला उशिराच्या पाळ्यात (पारा शून्याखाली जाऊन पडणाऱ्या दहिवरात) कुठला लॉट, म्हणजे एकाच बियाण्याच्या रोपांचा गट, सापडेल ते बघायचं असतं, किडीवर लक्ष ठेवणाऱ्याला अळी आणि कोवळा कोंब एकाच वेळी येणार का हे हवं असतं, म्हणजे तारीख सगळ्यांनाच लागते. म्हणून उसना आकडा न घेता आपला आपण कसा काढायचा ते लिहितोय. अवघड काही नाही, फक्त एका वर्षात होत नाही, निदान दोन-तीन हिवाळे हाताशी लागतात.

आधी झाड नक्की काय मोजतं ते बघू. स्प्रूस, फर, डग्लस फर यांची कळी आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी तयार होते आणि पुढच्या वर्षीच्या कोंबावरच्या सुयांची सुरुवात तिच्या आत तेव्हाच होऊन बसलेली असते. मग शरदात ही कळी गाढ सुप्तावस्थेत जाते, तेव्हा तिला उबदार खोलीत आणून ठेवलं तरी ढिम्म हलत नाही. त्यातून बाहेर यायला तिला बरेच आठवडे थंडी मिळावी लागते, याला चिलिंग म्हणतात. थंडी पुरेशी झाली की कळी आतून मोकळी होते पण बाहेर गारठा असल्यामुळे थांबून राहते, आणि मग वसंतात जी ऊब साठत जाते, म्हणजे फोर्सिंग, ती एका हद्दीपर्यंत पोचली की कळी फुटते.

आता इथे बहुतेक जण गल्लत करतात. चिलिंग संपलं, खटका पडला, मग फोर्सिंग सुरू, असं दोन कप्प्यांचं चित्र डोक्यात असतं. प्रत्यक्षात दोघांची देवाणघेवाण चालते, थंडी जास्त मिळाली तर नंतर ऊब कमी पुरते, थंडी कमी मिळाली तर तीच कळी फुटायला कितीतरी जास्त ऊब मागते. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिम्पिया इथे अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसमध्ये कॉनी हॅरिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये डग्लस फरसाठी जे मॉडेल मांडलं त्याचा गाभा हाच आहे, थंडी आणि ऊब यांच्या कितीतरी जोड्यांनी कळी फुटू शकते, एकच ठरलेली जोडी नाही. दिवसाची लांबी हा तिसरा घटक. तो सहसा मागच्या बाकावर बसलेला असतो, पण डग्लस फरमध्ये थंडी अपुरी पडली तर लांब दिवस त्या कमतरतेची थोडीफार भरपाई करतात हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे.

पहिलं काम, बियाणं कुठलं ते शोधा. लोक सुरुवातच थर्मामीटर विकत घेण्यापासून करतात, मी म्हणेन आधी सीडलॉटचे, म्हणजे त्या बियाण्याच्या खेपेचे, कागद शोधा. झाड कुठे उभं आहे यापेक्षा त्याचे आईबाप कुठे उभे होते हे कळीला जास्त आठवतं. नॉर्वे स्प्रूस घ्या. उत्तरेकडची आणि उंच डोंगरावरची झाडं त्यांच्या घरी उशिरा फुटतात, कारण तिथे ऊबच उशिरा येते. पण त्यांचं बी आणून दक्षिणेकडे किंवा खाली सखल भागात लावलं तर तीच झाडं शेजारच्या स्थानिक झाडांच्या आधी फुटतात, कारण छोट्या उन्हाळ्यात भागवायची सवय लागलेल्या त्या वंशाला मुळातच कमी ऊब पुरते. म्हणजे "थंड भागातलं झाड आहे, उशिरा उठेल" हा जो साधा तर्क आपण लावतो तो लागवडीत बरोबर उलटा पडतो आणि पाळ्यात पहिला बळी याच लॉटचा जातो.

उलट दिशेचं उदाहरण पण नॉर्वे स्प्रूसमध्येच आहे. बेलारूस, ईशान्य पोलंड, बाल्टिक या पट्ट्यातलं बियाणं उशिरा फुटतं, आणि दक्षिण स्वीडनमध्ये ते मुद्दाम आणून लावलं गेलं ते याच गुणासाठी, की वसंतातल्या उशिराच्या पाळ्यातून कोंब सुटावेत. म्हणजे फक्त अक्षांश बघून काम होत नाही, पूर्व-पश्चिम सरकलं तरी स्वभाव बदलतो.

डग्लस फरची तऱ्हा आणखी वेगळी. पॅसिफिक किनाऱ्याजवळचं, दमट भागातलं बियाणं एकाच मळ्यात लावलं तर उशिरा फुटतं, आणि आतल्या बाजूचं, जिथे हिवाळा जास्त थंड आणि उन्हाळा कोरडा, तिथलं बियाणं लवकर फुटतं. यात कारण पाण्याचं आहे. जिथे उन्हाळ्यात माती लवकर सुकते तिथे जे झाड लवकर उठून ओल असेपर्यंत वाढ उरकतं तेच टिकतं, पाळ्याचा धोका पत्करूनसुद्धा. तर तुमच्या हातात डग्लस फर असेल तर बियाण्याच्या गावचा हिवाळा तर बघाच, पण उन्हाळा किती कोरडा हेही बघा. सिट्का स्प्रूसमध्ये याच्या मानाने वसंतातल्या कळी फुटण्यात प्रदेशाप्रदेशात फरक कमी दिसतो, मोठा फरक शरदात पडतो, अलास्काकडची झाडं वाढ लवकर बंद करतात आणि ओरेगॉनकडची उशिरापर्यंत वाढत राहतात. त्यामुळे सिट्काला एकच वसंताचा आकडा वापरला तर फारसं बिघडत नाही, नॉर्वे स्प्रूस किंवा डग्लस फरला तसं केलं तर नक्की बिघडतं.

आणि बियाण्याच्या कागदावर दोन जागा लिहिलेल्या असू शकतात हे लक्षात ठेवा, मूळ झाडं कुठली आणि बी प्रत्यक्ष कुठल्या सीड ऑर्चर्डमध्ये (बी मिळवण्यासाठीच लावलेल्या बागेत) धरलं. नॉर्वेमध्ये ओइस्टाइन यॉन्सेन आणि तोरे स्क्रोप्पा यांच्या कामातून असं निघालं की नॉर्वे स्प्रूसचं बी तयार होत असताना, म्हणजे गर्भ घडत असताना, जे तापमान असतं त्याचा ठसा त्या रोपावर पुढे वर्षानुवर्षं राहतो. त्याच आईबापांचं बी उबदार ऑर्चर्डमध्ये धरलं तर रोपं दक्षिणेकडची असल्यासारखी वागतात, कळ्या उशिरा धरतात आणि वसंतात उशिरा फुटतात. जीन तेच, वागणं वेगळं. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भन्नाट गोष्ट वाटते. तेव्हा दोन्ही जागा वहीत लिहून ठेवा, अक्षांश, उंची आणि बी धरलं ते वर्ष सुद्धा.

बियाण्याचा काहीच पत्ता नसेल, झाडं आधीपासून उभी असतील, तर त्यांना एक लॉट समजू नका. दहा-वीस झाडं निवडून प्रत्येकाला स्वतंत्र नंबर द्या, दोन वर्षांत कोण कायम लवकर आणि कोण कायम उशिरा ते आपोआप दिसेल, कारण तारखा दरवर्षी हलतात पण झाडांचा आपापसातला क्रम बराचसा तोच राहतो. बियाणं आणि जागा यांचे परिणाम वेगळे करायचे असतील तर एकच क्लोन (एकाच झाडापासून वाढवलेली, जीन तीच असलेली झाडं) अनेक ठिकाणी लावणं हा खात्रीचा मार्ग, युरोपात १९५७ पासून इंटरनॅशनल फिनॉलॉजिकल गार्डन्स, म्हणजे झाडांच्या फुटण्या-फुलण्याच्या तारखा नोंदवणाऱ्या बागांचं जाळं, हेच करतं, नॉर्वे स्प्रूसचे लवकर फुटणारे आणि उशिरा फुटणारे असे वेगवेगळे क्लोन तिथे ठेवले आहेत.

आता थर्मामीटर. एक साधा डेटा लॉगर घ्या, तासाला एक नोंद करणारा, आणि त्याला रेडिएशन शील्ड घाला, म्हणजे ती पांढऱ्या ताटल्यांची उतरंड असते ती. उघड्यावर उन्हात टांगलेला लॉगर दुपारचं तापमान कितीतरी अंशांनी जास्त दाखवतो आणि मग सगळी बेरीज फुगते. रोपं बघत असाल तर लॉगर रोपांच्या उंचीला लावा, मोठी झाडं बघत असाल तर दीड-दोन मीटरवर. जवळच्या हवामान केंद्राचे आकडे वापरायला हरकत नाही पण ते जसेच्या तसे घेऊ नका. उंचीप्रमाणे दर १००० मीटरला साधारण ६.५ अंश उतरतात हे पुस्तकात बरोबर आहे, पण दरीत रात्री थंड हवा साचून राहते आणि तेव्हा खालचा खोलगट भाग वरच्या उतारापेक्षा गार असतो, म्हणजे नेमक्या ज्या रात्री पाळा पडतो त्या रात्री हा नियम उलटा झालेला असतो. निदान एक लॉगर खोलगटात आणि एक उतारावर, एवढं तरी कराच.

रोपं बर्फाखाली जात असतील तर हवेचं तापमान विसरा. बर्फाखाली शून्याच्या आसपास स्थिर असतं, वर उणे २० असो की दुपारी अधिक ८, रोपाला दोन्ही कळत नाही, त्यामुळे फोर्सिंगची बेरीज बर्फ वितळल्यापासूनच धरायची.

थंडी मोजायची कशी यावर मतं अनेक आहेत. सोपी पद्धत म्हणजे सरासरी ५ अंश किंवा त्याच्या खाली गेलेले दिवस मोजायचे. ही समुद्राकाठच्या सौम्य हिवाळ्यात चांगली चालते. पण जिथे दोन-तीन महिने पारा उणे १५ च्या खाली असतो तिथे ते सगळे दिवस चिलिंगमध्ये धरले तर बेरीज भरमसाठ होते आणि काहीच सांगत नाही. फिनलंडच्या रिस्टो सार्वास यांनी १९७० च्या दशकात जी कक्षा दिली ती मला जास्त पटते, साधारण उणे ३.४ ते अधिक १०.४ अंशांमध्ये थंडी उपयोगी पडते, सगळ्यात जास्त ३.५ अंशाच्या आसपास, आणि दोन्ही टोकांकडे उपयोग कमी होत होत शून्यावर येतो. या हिशोबाने कडाक्याच्या थंडीच्या भागात चिलिंग मुख्यतः शरदात जमतं, भर हिवाळ्यात झाड जवळपास गोठून बसलेलं असतं, आणि सौम्य भागात अख्खा हिवाळाच चिलिंगचा असतो. तर तुमचा भाग कुठल्या प्रकारचा हे आधी ठरवा आणि मग पद्धत निवडा, सगळ्यांना एकच पद्धत लावायच्या फंदात पडू नका.

तरी शेवटी आपल्याच झाडांना विचारलेलं बरं, आणि त्यासाठी एक जुना, स्वस्त आणि फार उपयोगी प्रकार आहे. शरदाच्या शेवटापासून दर दोन आठवड्यांनी त्याच खुणेच्या झाडांवरून वीतभर लांबीच्या फांद्या कापून आणायच्या, पाण्यात बुडवून धरून देठ पुन्हा एकदा तिरपे कापायचे, भांड्यात उभ्या करायच्या आणि २० अंशाच्या आसपासच्या खोलीत दिव्याखाली ठेवायच्या, दिवा रोज सारखाच वेळ चालू. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला नाहीतर देठ चिकट होतात आणि फांदी पाणी ओढायची थांबते. मग प्रत्येक खेपेला पहिली कळी फुटायला किती दिवस लागले ते लिहायचं. सुरुवातीच्या खेपा बहुतेक वेळा फुटतच नाहीत, सुया गळून जातात, तीही नोंदच आहे, फेकून देऊ नका. नंतरच्या खेपांना दिवस झपाझप कमी होतात, आणि एका टप्प्यानंतर कमी होणं थांबतं. तो टप्पा म्हणजे तुमच्या भागात, त्या बियाण्याची थंडीची भूक भागली ती वेळ. दोन वेगळ्या प्रदेशांचे लॉट शेजारी शेजारी ठेवून हे केलं की फरक डोळ्याने दिसतो, आलेख काढायची पण गरज पडत नाही. फक्त एक सांभाळा, कापलेल्या फांदीला मूळ नसतं, आणि थंड माती मुळांमधून जो उशीर करवते तो या प्रयोगात येत नाही, त्यामुळे यातून थेट तारीख काढू नका.

उबेची बेरीज. पद्धत सगळ्यांना माहीत आहे, दिवसाच्या तापमानातून बेस वजा करायचा, उरलेलं बेरजेत टाकायचं, उणे आलं तर शून्य धरायचं. भानगड दोन ठिकाणी आहे. पहिली, सरासरीची. समजा कमाल १४ आणि किमान उणे २, सरासरी ६, बेस ५ धरला तर त्या दिवसाचा १ डिग्री-डे. पण तोच दिवस तासातासाने मोजला, म्हणजे तापमान एकसारखं चढलं-उतरलं असं धरून फक्त ५ च्या वरचे तास घेतले, तर साधारण अडीच डिग्री-डे निघतात. अडीचपट! समुद्राकाठी दिवस-रात्रीचा फरक कमी म्हणून तिथे दोन्ही पद्धती जवळपास सारखं उत्तर देतात, पण आतल्या कोरड्या भागात आणि उंचावर स्वच्छ आकाशाच्या दिवसांत हा फरक रोज साचत जातो. एका भागात सरासरीवर काढलेला आकडा दुसऱ्या भागात फसतो त्याचं एक मोठं कारण झाडात नसून या गणितात असतं. म्हणून आकडा कुठूनही घ्या, तो सरासरीवर काढलाय की तासांवर हे आधी विचारा, आणि ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा सरळ सोडून द्या.

दुसरी भानगड बेसची. ५ अंश हा रिवाज झालाय, निसर्गाचा नियम नाही. उत्तरेकडच्या काही कामांत ० अंश बेस घेतात, आणि थंड वसंताच्या भागात तो जास्त नीट बसतो असं दिसतं. हे ठरवायला सोपी युक्ती, तुमच्याकडे तीन-चार वर्षांच्या कळी फुटल्याच्या तारखा आल्या की ०, २, ३, ५ अशा वेगवेगळ्या बेसने प्रत्येक वर्षाची बेरीज काढा, ज्या बेसने सगळ्या वर्षांच्या बेरजा एकमेकींच्या सगळ्यात जवळ येतात तो तुमचा बेस. वर्षं कमी असतील तर उतारावरचा आणि खोलगटातला लॉगर इथे पुन्हा कामाला येतो, कारण दोन जागा म्हणजे त्याच वर्षाच्या दोन नोंदी मिळतात.

बेरीज कधीपासून सुरू करायची? उत्तर गोलार्धात १ जानेवारी किंवा १ फेब्रुवारी धरतात, दक्षिणेत, न्यूझीलंड वगैरे, सहा महिने सरकवा. तारीख कुठलीही धरा पण दरवर्षी तीच ठेवा.

आता कळी बघायची, आणि इथे आळस केला तर वरचं सगळं वाया जातं, कारण "फुटली" म्हणजे काय यावर दोन माणसांचं एकमत नसेल तर चार-पाच दिवस तिथेच गेले. स्प्रूसची कळी जवळून बघा. हिवाळ्यात ती तपकिरी, कोरडी, घट्ट मिटलेली. मग ती फुगते, खवले ताणले जातात आणि त्यांच्या मधे फिकट पट्ट्या दिसायला लागतात. त्यानंतर बुडाशी खवले सुटतात आणि आतला हिरवा कोंब त्या कागदासारख्या पातळ खवल्यांची अख्खी टोपी डोक्यावर घेऊनच वर सरकतो, टोपी पारदर्शक झालेली असते, आतल्या सुया दाबून बसवलेल्या स्पष्ट दिसतात. मग ती टोपी एका बाजूने फाटते नाहीतर वाऱ्याने उडून जाते आणि सुया सुट्या होतात. बहुतेक जण हिरव्या सुया खवल्यांच्या बाहेर पहिल्यांदा दिसल्या तो दिवस धरतात, तोच धरा, म्हणजे दुसऱ्यांच्या नोंदींशी ताडून बघता येईल. टोपी पडली तो दिवस धरू नका, तो वारा आणि पावसावर असतो. पाइनचं वेगळंच, तिथे कळी आधी मेणबत्तीसारखी उभी लांबत जाते आणि सुया बऱ्याच उशिरा बाहेर येतात, त्यामुळे पाइनची आणि स्प्रूसची तारीख एकाच कॉलममध्ये लिहायची नाही. लार्च तर पानझडीच, आखूड फांदीवरच्या बोंडातून हिरवा झुबका डोकावला की झालं, त्याला चष्मासुद्धा लागत नाही.

बघताना शेंड्याची कळी आणि बाजूच्या कळ्या वेगळ्या लिहा. बाजूच्या सहसा आधी फुटतात, शेंड्याची काही दिवस मागे राहते, आणि पाळा पडला तर झाडाचा मुख्य शेंडा वाचतो तो याच उशिरामुळे. लहान रोपं मोठ्या झाडांपेक्षा लवकर फुटतात, त्यामुळे नर्सरीतल्या रोपांवर काढलेला आकडा शेजारच्या जुन्या जंगलाला लावता येत नाही. आठवड्यातून दोन फेऱ्या पुरतात, ऐन हंगामात तीन.

आकडे कसे बसतात त्याचं एक खरं उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये मेल्विन कॅनेल आणि आर. आय. स्मिथ यांनी १९८३ मध्ये सिट्का स्प्रूससाठी हिशोब मांडला. १ नोव्हेंबरपासून ५ अंश किंवा कमी सरासरीचे दिवस म्हणजे चिल-डे, १ फेब्रुवारीपासून ५ च्या वरचे डिग्री-डे म्हणजे ऊब, आणि लागणारी ऊब = ६७.४ + ४४०१.८ × ई (म्हणजे २.७१८) चा घात (उणे ०.०४२ × चिल-डे). कॅल्क्युलेटरवर टाकून बघा. १२० चिल-डे मिळाले तर साधारण ९६ डिग्री-डे पुरतात. ८० च मिळाले तर २२० लागतात. ६० मिळाले तर थेट ४२० च्या घरात. आता वसंतात रोजची सरासरी ९ अंश, म्हणजे रोजचे ४ डिग्री-डे धरले तर पहिल्या झाडाला २४ दिवस आणि दुसऱ्याला ५५ दिवस लागतील. तेच झाड, तीच वसंतातली ऊब, फरक फक्त आधीच्या हिवाळ्याचा. आणि हे आकडे आलेखावर मांडले की निघणाऱ्या वक्राचा आकार नीट बघा, १२० च्या पलीकडे आणखी थंडी मिळाली तरी फार फरक पडत नाही, पण ८० च्या खाली प्रत्येक आठवड्याची कमतरता महागात पडते.

तुमचा भाग या वक्रावर कुठे बसतो यावर सगळं अवलंबून आहे. लांब, थंड हिवाळ्याचा भाग असेल तर चिलिंग दरवर्षी भरून वाहतं, तिथे थंडीचा हिशोब न ठेवता नुसती ऊब मोजली तरी अंदाज छान येतो. मिनेसोटामध्ये स्प्रूस नावाच्याच प्रयोगात दलदलीतल्या जंगलाचे अख्खे तुकडे भिंती घालून ९ अंशांपर्यंत जास्त गरम केले, तिथे ऊब वाढेल तसा वसंत सरळ रेषेत लवकर येत गेला. पण २०१६ च्या एप्रिलमध्ये थंडीची लाट आली तेव्हा त्याच गरम तुकड्यांतल्या, लवकर जाग्या झालेल्या ब्लॅक स्प्रूस आणि लार्चला पाळ्याने झोडपलं. उलट सौम्य हिवाळ्याच्या भागात, म्हणजे डग्लस फरच्या पट्ट्याच्या दक्षिणेला किंवा सखल भागात, हिवाळा आणखी उबदार झाला तर कळ्या लवकर फुटायच्या ऐवजी उशिरासुद्धा फुटू शकतात, कारण थंडीची तूट भरायला जास्त ऊब लागते. तर "यंदा हिवाळा उबदार होता, लवकर फुटणार" हे वाक्य एका भागात बरोबर आणि दुसऱ्या भागात साफ चूक असतं. तुमच्या भागात कुठलं लागू ते फांद्यांच्या प्रयोगातून कळतं.

हाताशी काहीच नोंदी नसताना पहिल्या वर्षी काय करायचं? अँड्र्यू डेलमार हॉपकिन्स या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये एक ढोबळ नियम दिला होता, वसंतात प्रत्येक १ अंश अक्षांश उत्तरेला, ५ अंश रेखांश पूर्वेला किंवा ४०० फूट वर गेलं की साधारण ४ दिवस उशीर. तो उत्तर अमेरिकेसाठी होता, आणि त्यात झाडाचं बियाणं कुठलं याचा विचार नाही, पण जवळच्या एखाद्या ज्ञात ठिकाणावरून फेऱ्या कधी सुरू करायच्या एवढं ठरवायला चालतो. एवढंच करा त्याचं, पुढे नेऊ नका.

आकडा हातात आला की लॉटांचा क्रम लावा आणि शेवटच्या पाळ्याच्या तारखांशी ताडा. हिवाळ्यात उणे ३० सहज सोसणारी कळी एकदा फुटली की उणे ३-४ अंशांतच कोंब जातो, आधी पाणी भरल्यासारखा गडद आणि लिबलिबीत होतो, दोन दिवसांत लालसर तपकिरी होऊन खाली लोंबतो. लवकर फुटणारे लॉट खोलगटात लावू नका, उतारावर न्या, खोलगटात उशिराचे लावा. प्रजाती निवडायला मोकळीक असेल तर तिथेही हाच विचार, ब्लॅक स्प्रूस व्हाइट स्प्रूसपेक्षा उशिरा फुटतो आणि बाल्सम फरच्या तर साधारण दोन आठवडे मागे असतो, म्हणून पाळ्यातूनही सुटतो आणि स्प्रूस बडवर्मच्या अळीला भूक लागते तेव्हा त्याच्या कळ्या अजून बंद असल्यामुळे तिच्या तडाख्यातूनही बराचसा वाचतो.

पुढच्या वर्षी अंदाज आणि खरी तारीख शेजारी लिहा आणि चूक कुठल्या बाजूला जाते ते बघा. सगळेच लॉट सारखेच दिवस लवकर किंवा उशिरा गेले असतील तर लॉगरची जागा किंवा बेस तपासा. फक्त उबदार हिवाळ्यानंतरच चूक होत असेल तर चिलिंगची पद्धत बदला. आणि एकच लॉट दरवर्षी एकटाच वेगळा जात असेल तर गणिताला हात लावू नका, त्याचे बियाण्याचे कागद पुन्हा काढा, बहुतेक वेळा तिथे मूळ गाव एक आणि ऑर्चर्ड दुसरीकडेच निघतं.